सोडून आलेली बाई

गेली बावीस वर्षं मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. त्यातली निम्मी तरी व्याकरणात गेली असतील. ‘सोडणे’ हे सकर्मक क्रियापद, त्याला कर्म लागतं, हे मी अकरावीच्या वर्गांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. कोणी सोडलं एवढ्यावर भागत नाही, काय सोडलं तेही सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ऐकणारा ते आपल्या मनाने भरून घेतो. हे सगळं मला पाठ होतं आणि तरी माझ्या हातून जे झालं ते याच क्रियापदात झालं. नकळत झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. रविवारी उपासना, नाताळात करंज्या आणि केक दोन्ही, बाकी सगळं शेजाऱ्यांसारखंच. मुलगी पुण्यात नोकरीला लागली, नवऱ्याने बँकेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि मला घरात व कॉलेजात एकसारखाच कंटाळा यायला लागला. अशात अकोल्याला तीन दिवसांच्या सभा होत्या. शेवटच्या दिवशी वक्त्याने विचारलं, “देवासाठी एक वर्ष कोण देणार? फक्त एक वर्ष, गावोगाव फिरायचं, हात वर करा.” मी हात वर केला. देवाने बोलावलं म्हणून केला असं मी पुढे वर्षभर सांगत होते. खरं असं की माझ्या शेजारी आमच्या चर्चच्या मंडळीतली एक बाई बसली होती, जी प्रत्येक बाबतीत माझ्या अर्धं पाऊल पुढे असायची, आणि तिचा हात उचलला जातोय असं मला दिसलं. तिने तो केस मागे सारायला उचलला होता.

टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. घरी येताना गाडीत नवरा एवढंच म्हणाला, “जा तू. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं मी बघतो.” तो चिडेल, अडवेल, मग मी त्याला न जुमानता जाईन असं मी मनात रंगवलं होतं. त्याने अडवलंच नाही याचा मला थोडा रागच आला.

मी वर्षाची बिनपगारी रजा टाकली आणि फेरीत सामील झाले. एक जुनी जीप, ड्रायव्हर, पेटी वाजवणारं एक जोडपं, फेरीचे प्रमुख म्हणून एक निवृत्त हेडमास्तर ज्यांना आम्ही सर म्हणायचो, आणि अकोल्याची एक नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. आमचं काम असं: ज्या गावात दोन-चार ख्रिस्ती घरं असतील तिथे तीन-चार दिवस मुक्काम करायचा. दिवसा सिस्टर कोणाचंही बीपी, साखर तपासायची. संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकून गाणी, एक शास्त्रपाठ आणि साक्ष. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. गाणी ऐकून शेजारपाजारचेही येऊन बसत.

निघताना मी मंगळसूत्र काढून नवऱ्याजवळ दिलं. आमच्या मंगळसूत्राला बारकासा क्रूस असतो. खेड्यापाड्यात सोनं मिरवत फिरू नये असं सरांनी बजावलं होतं. कुंकू आमच्याकडे लावतच नाहीत. बांगड्या मला आधीपासून टोचतात. तेव्हा मी कशी दिसत असेन याचा विचार मी केला नव्हता, पण गावच्या बायकांनी लगेच केला.

पहिले तीन महिने माझी साक्ष कोणी ऐकली नाही. हे लिहायला सोपं आहे, सोसायला नव्हतं. सेमाडोहला मी बोलत असताना दोघी बायका उठून गेल्या, कारण त्यांची बकरी सुटली होती. धामणगावजवळच्या एका गावात पहिल्या रांगेतली बाई माझ्यासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसली आणि मध्येच तिने विचारलं, “मॅडम, तुमाले पगार कितीक हाये?” मी बोलत होते ते असं की माझ्याकडे सगळं होतं, नोकरी, फ्लॅट, गाडी, पण मन रितं होतं, म्हणून सगळं सोडून आले. त्या बायकांना यात रितं काय ते कळेना. मला राग यायचा. कॉलेजात पोरं ऐकत नाहीत, आता इथेही कोणी ऐकेना. मग मी नोकरी, फ्लॅट, गाडी हे गाळून टाकलं. अंगणातल्या बायकांपुढे फ्लॅटचं सांगणं बरं दिसत नाही, असं मी सिस्टरला सांगितलं. उरलं एवढंच: “मी सोडून आले. एका दिवसात सोडून आले. मागे वळून पाहिलं नाही.”

त्या संध्याकाळी अंगणात एकदम शांत झालं. पदर तोंडाशी गेले. मला वाटलं, अखेर पवित्र आत्मा काम करू लागला.

सभा संपल्यावर एक म्हातारी माझ्यापाशी आली. तिने माझ्या गळ्यावर बोटं फिरवली, मंगळसूत्र असतं तिथे, आणि माझा गाल कुरवाळला. “कितीक दिवस झाले वं माय, सोडून?”

“चार महिने.”

“लेकरं?”

“एक मुलगी. पुण्याला असते.”

“बरं झालं, पोरगी ठिकान्याले लागली.” मग तिने आवाज खाली आणून विचारलं, “दुसरी केली का त्यानं?”

तेव्हा मला कळलं. तिथे, त्या क्षणी, लख्ख कळलं. या बायकांनी माझ्या वाक्यातल्या रिकाम्या जागेत माझा नवरा घातला होता. एका वाक्यात सगळं सरळ करता आलं असतं. बाई, तसं नाही, माझा नवरा फार चांगला आहे, दर रविवारी फोन करतो, महिन्यातून एकदा चिवड्याचा डबा घेऊन येतो. पण मागे आणखी चार बायका उभ्या होत्या आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जसं बावीस वर्षांत एकाही वर्गाने बघितलं नव्हतं. मी वर बघितलं आणि म्हणाले, “देवाला ठाऊक.”

ज्या माणसाने माझ्यासाठी इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं त्याच्यावर मी दुसऱ्या बाईचा संशय ठेवला, आणि त्यात देवालाही ओढलं.

त्यानंतर माझी साक्ष गाजायला लागली. मी खोटं काहीच बोलत नव्हते, असं मी स्वतःला सांगायचे. वाक्य तेच होतं. पण आता मी ते सावकाश म्हणायचे, ‘सोडून’पाशी थोडं थांबायचे, मान खाली घालायचे. वर्गात नाट्यवाचन शिकवलेलं असं कामाला आलं. सर म्हणाले, “तुमच्या साक्षीत सामर्थ्य आहे, बाई.” ते मला शेवटी बोलायला ठेवू लागले, म्हणजे लोक उठून जात नाहीत.

सिस्टर एकदा माझ्यापाशी आली. आम्ही जीपमध्ये सामान चढवत होतो. ती म्हणाली, “मॅडम, राग नका मानू. पन त्या बाया काई वेगळंच समजून राह्यल्या. तुमी साफ सांगून टाका ना त्याईले.”

“काय वेगळं?” मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

“तुमाले माहीत हाये.”

“सिस्टर,” मी म्हणाले, “तुम्ही तुमच्या बीपीच्या मशीनकडे लक्ष द्या. साक्ष माझी आहे.”

पट्टा गुंडाळून तिने मशीन डब्यात ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली आणि मी सरांना सांगितलं की तिला माझा हेवा वाटतो.

दसऱ्याच्या आसपास आम्ही मूर्तिजापूरच्या पुढच्या एका गावात होतो. तो सगळा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारट, चहासुद्धा खारट लागतो. पण ओढ्याकाठच्या एका विहिरीला गोडं पाणी होतं आणि त्यावर एका कुटुंबाचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला तसंच म्हणतात. त्या घरातली एक बाई सभेला यायची. चौतीस-पस्तिशीची असेल. गाणं म्हणायची नाही, प्रार्थनेला डोळे मिटायची नाही, फाटकापाशी बसून माझं बोलणं झालं की उठून जायची. येशूशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती मला ऐकायला यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मळ्यात बोलावलं. ती सांभाराच्या जुड्या बांधत होती. बसायला एक रिकामं क्रेट उपडं करून दिलं आणि हात न थांबवता सांगायला लागली. तीन वर्षांपूर्वी ती सासर सोडून भावाकडे आली होती. नवरा मारायचा. कसा मारायचा तेही तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. ते मी इथे लिहीत नाही. आता सासरचे लोक तिला न्यायला येणार होते. दिवाळीनंतर बैठक ठरली होती, दोन्हीकडची चार मोठी माणसं बसून ठरवणार होती.

“भाऊ म्हनते जाय. म्हनते, येकटी बाई राहूच शकत नाई, आज मी हाओ, उद्या मी नसलो त कोन पायल तुले? वहिनी चांगली हाये, ते काई म्हनत नाई. पन भावाचंच चालते.” तिने जुडीला गाठ मारली. “मॅडम, तुमी येकट्या राहता ना? भेव नाई वाटत?”

“वाटतं कधीकधी,” मी म्हणाले.

“लोकं काई म्हनत नाई?”

“लोक बोलतातच.”

“मंग मी का करू? जाऊ का नको जाऊ?”

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. ते जरा वाकडं बसलेलं होतं, मोडून नीट न जुळलेल्या हाडासारखं. नको जाऊ, हे सांगायला मला कसलीही साक्ष लागत नव्हती. कोणीही शहाण्या माणसाने तेच सांगितलं असतं. सिस्टरला बोलावता आलं असतं, तिला अकोल्यात अशा बायकांना मदत करणाऱ्या वकीलबाई माहीत होत्या. पण मला ती माझ्याकडे बघत होती ते हवं होतं. मी तिचा हात हातात घेतला.

“नको जाऊ,” मी म्हणाले. “मी गेले का परत?”

हा प्रश्न होता. प्रश्न खरा किंवा खोटा नसतो, असं मी जीपमध्ये बसल्यावर स्वतःला समजावलं. व्याकरणाने मला तेवढी सोय करून दिली.

वर मी आणखी एक केलं. सभेत वाटायच्या आमच्या एका छापील पत्रिकेच्या पाठीमागे माझा अमरावतीचा पत्ता लिहून दिला. “कधी लागलं तर ये,” म्हणाले. तिने ती पत्रिका घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि मला सांभाराच्या चार जुड्या दिल्या. त्या मी नको नको म्हणत घेतल्या.

वर्ष संपलं. मी घरी आले, दोन आठवडे गिझरच्या गरम पाण्याने लांबलचक अंघोळी केल्या. त्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळीत आभाराची उपासना होती. फेरीतले सगळे येणार होते, माझी साक्ष शेवटी होती, शाल मिळणार होती.

त्याच्या आदल्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास बेल वाजली. मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. नवऱ्याने दार उघडलं. अंगात बनियन, लुंगी, हातात वाटाणे सोलायचं भांडं. त्याचा आवाज आला, “या ना, बसा, बसा. अगं, मूर्तिजापूरहून कोणी आलंय तुझ्याकडे!”

मी बाहेर आले. हॉलमध्ये ती उभी होती, नवीन साडी नेसून. सोबत एक धट्टाकट्टा माणूस, पांढरा शर्ट, हातात भाजीने भरलेली पिशवी. तिच्याकडे पाहून मला कळलं की ती खुशीत आली होती. दारात येईपर्यंत खुशीत होती. आता ती माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघत होती, मग भिंतीवर आमच्या लग्नाच्या पंचवीस वर्षांचा फोटो आहे, केक कापतानाचा, त्याच्याकडे.

“हे माये भाऊ,” ती म्हणाली. पुढचं सगळं भावानेच सांगितलं. बैठकीत तिने नाही म्हटलं होतं. चार माणसांपुढे म्हणाली होती की अमरावतीची एक मॅडम नवऱ्याला सोडून आली, एकटी राहते, नोकरी करते, तिला कोणी खात नाही, मी का नाही राहू शकत? लोक हसले. भाऊ म्हणाला होता, अशी बाई असंल त दाखव मले. दाखवली त मी तुले कधी जाय म्हननार नाई. आज मूर्तिजापूरहून बडनेऱ्यापर्यंत गाडीने आणि पुढे ऑटोने तो ती बाई बघायला आला होता. सांगता सांगता त्याचं लक्ष माझ्या नवऱ्याकडे गेलं.

“हे कोन होत?” त्याने विचारलं.

माझ्या तोंडाशी ‘भाऊ’ हा शब्द आला होता. खरंच आला होता, हे मी नाकारत नाही. पण नवरा समोर वाटाणे घेऊन उभा होता. मी म्हणाले, “हे... इथेच असतात.”

नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. तो मोकळेपणी हसला. “इथेच असतात म्हणजे? सत्तावीस वर्षं झाली, अजून काढलं नाही हिनं मला. मिस्टर मी हिचा. बसा ना, चहा टाकतो.” आणि आत जाता जाता कौतुकाने म्हणाला, “मॅडम वर्षभर फिरत होत्या, आम्ही इकडून डबे पोचवत होतो. काय करता!”

भाऊ हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पिशवी टीपॉयवर ठेवली आणि बहिणीला म्हणाला, “पायलं ना? चाल वं आता.” त्याचा आवाज कडक नव्हता. मला वाटतं त्यालाही, ती बाई खरी निघावी असं कुठेतरी वाटत असेल.

ती हलली नाही. तिला माझा राग आला आहे असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. वर्गात एखाद्या हुशार मुलीला खरोखरच शंका असते तेव्हा ती अशी बघते.

“मंग तुमी सोडलं काय होतं?” तिने विचारलं.

बावीस वर्षं मी हा प्रश्न मुलांना विचारत आले. कर्म सांगा. काय सोडलं? मी तिच्यासमोर उभी राहून खरोखर शोधलं. गिझर. कॉलेजातली हजेरी. रविवारचं मटण, तेही नाही, कारण फेरीत ज्यांच्याकडे उतरायचो ते करून घालायचे. मला तिला सांगण्याजोगी एकही वस्तू सापडली नाही. नवरा चार कप घेऊन बाहेर आला तेव्हा ती दोघं जिना उतरून गेली होती.

“काय झालं गं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, म्हातारीपासून. तो खुर्चीत बसून ऐकत होता. ‘दुसरी केली का’ या प्रश्नापाशी तो आधी हसला आणि म्हणाला, “मग? काय म्हणालीस तू?”

“देवाला ठाऊक म्हणाले.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून त्याने चारही कप आत नेले आणि चहा बेसिनमध्ये ओतला. मला नळाचा आवाज येत होता. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्याच्यासमोर जायची लाज वाटली. आत जाऊन मी पदराने ओटा पुसत राहिले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “माझं सोड. त्या बाईला परत पाठवतील ना ते?”

“बहुतेक.”

“मग उद्या सकाळी जाऊ आपण. दोघं जाऊ. तू भावासमोर सांग की चूक तुझी, तिची नाही. त्या सिस्टरलाही अकोल्याहून बोलावून घे, ती वकीलबाई म्हणत होतीस ती बघू. एकटी बाई राहू शकते की नाही हे काय आपल्या फ्लॅटवर ठरतं?”

किती सरळ होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “रविवारी आभाराची उपासना आहे. मला साक्ष नीट तयार करायची आहे, आता तर जास्तच. सोमवारी जाऊ.”

त्याने पुन्हा म्हटलं नाही. तो अडवणारा माणूस नाही हे मी आधी सांगितलंच आहे.

शुक्रवार आणि शनिवार मी कागद घेऊन बसले. मला सगळ्यांसमोर कबूल करायचं होतं. पण कबुली चांगली व्हायला हवी होती. मी खोडत होते, पुन्हा लिहीत होते, कुठे थांबायचं त्याच्या खुणा करत होते. त्या दोन दिवसांत, तिकडे मळ्यावर काय चाललं असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला आणि मी सोमवार म्हणून तो बाजूला ठेवला.

रविवारी चर्च भरलं होतं. माझी पाळी आली. कागद माझ्या हातात होता. मी म्हणाले, “मी काही सोडलं नव्हतं.” आणि समोर पाळकसाहेब, सर, ती अर्धं पाऊल पुढची बाई, सगळे दिसले, आणि पुढचं न वाचताच मी कागदाची घडी घातली. मी खाली बसले. मग सर उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. “पाहा,” ते म्हणाले, “वर्षभर ज्या बाईने सर्वस्व दिलं ती म्हणते मी काही सोडलं नव्हतं. याला म्हणतात नम्रता.” टाळ्या पडल्या. मला शाल पांघरली. मी उठून, नाही, तसं नाही, असं म्हणू शकत होते. दुसऱ्यांदा तीच संधी होती. मी शाल सावरली आणि हात जोडले. पाचव्या रांगेत सिस्टर बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. नवरा बाहेर गाडीत जाऊन बसला होता.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. मळ्यावर पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. भाऊ मूर्तिजापूरच्या बाजारात गेला होता. वहिनी एकटीच मेथी उपटत होती. माती झटकत उभी राहिली आणि तिने आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“तुमीच का त्या अमरावतीच्या मॅडम? सोडून आलेल्या?”

“नाही,” मी म्हणाले. “मी कोणाला सोडून आले नव्हते. हे माझे मिस्टर. मी खोटं समजू दिलं. तिची काही चूक नव्हती. ते सांगायला आलोय, तिला बोलवा ना.”

“ते गेली,” वहिनी म्हणाली. “काल सकाळी आले घ्याले. गुरुवारपासून बोललीच नाई कोनाशी. शुक्रवारी, शनिवारी नुसती फाटकापाशी जाऊन बसे. मी म्हनलं, कोनाची वाट पायतं वं? त काई सांगे ना.” तिने मेथीची जुडी बुडाशी आपटून सारखी केली. “काल गाडी आली त उठून बसली गाडीत. रडली बी नाई.”

काल सकाळी म्हणजे माझ्या खांद्यावर शाल पडत होती तेव्हा. मी तिथेच बांधावर खाली बसले. नवऱ्याने विचारलं, “गाव कोणतं तिच्या सासरचं? आम्ही तिकडे जाऊन येतो.”

वहिनी माझ्याशीच बोलली, आणि तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं, थकवा होता फक्त.

“नोका जाऊ, मॅडम. तिथं जाऊन आता आनखी का सांगसान तिले?”